आपण म्हणजे कोण

आई ‘आम्ही’ म्हणाली, आणि त्याच्या हातातले नेलकटर तिच्या अंगठ्याच्या नखावर तसेच थांबले. रविवारची सकाळ होती. गॅलरीचे दार उघडे होते, आई खुर्चीत बसली होती आणि तिचा एक पाय त्याने मांडीवर टॉवेल पसरून त्यावर घेतला होता. नखे कापून घेताना ती नेहमी तीच एक गोष्ट सांगायची. त्याच्या अगदी लहानपणची, तो हरवला होता त्या दुपारची. गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती, की तिचे वाक्य कुठे वळणार, ती कुठे दम घेणार, कुठे आधीच हसू लागणार हे त्याला ठाऊक होते. पहिले वाक्य तर ठरलेलेच. ‘आपण तेव्हा लाँड्रीच्या वर राहायचो.’ आज ती म्हणाली, ‘आम्ही तेव्हा लाँड्रीच्या वर राहायचो.’

‘आपण,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘आपण राहायचो, आई. लाँड्रीच्या वर.’

‘तेच सांगतेय की. आम्ही राहायचो,’ आई म्हणाली, आणि कापा ना, कशाला थांबलात, अशा अर्थाने तिने पायाचा अंगठा हलवला.

त्याने नखे कापली. दुसऱ्या पायाचीही कापली. टॉवेल गॅलरीत झटकला आणि तिथेच उभा राहिला. एवढ्याशा शब्दाने आपण इतके हादरावे, याचे त्याला हसूही आले. आई गेले वर्षभर बरेच काही विसरत होती. गॅस बंद करायला विसरायची, जेवण झाल्यावर जेवायला बसायची, चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधायची. डॉक्टरांनी तिला घड्याळाचे चित्र काढायला लावले होते, तर तिने गोल काढून त्याला नाक-डोळे काढले आणि म्हणाली, ‘हे तुमच्यासारखं दिसतंय.’ डॉक्टरही हसले होते. तेव्हा त्याला इतके वाईट वाटले नव्हते. घड्याळ काय, चष्मा काय, या वस्तू. त्या हरवतात आणि सापडतात. पण ‘आपण’मधून ‘आम्ही’मध्ये जाताना तिने जे काही सांडले होते, ती वस्तू नव्हती. तो स्वतःच होता.

दुपारी त्याने बायकोला सांगितले. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे काम करी. ‘हे बरं दिसतंय की हे? आता हे की आधीचं?’ असे दिवसभर विचारून विचारून कुठल्याही प्रश्नाचे दोनच पर्याय असतात, असे धरायचा तिचा स्वभाव झाला होता.

‘अहो, एक शब्द तो,’ ती म्हणाली. ‘दमल्या असतील. नाहीतर तुमच्या बाबांबद्दल बोलत असतील. आम्ही म्हणजे त्या आणि बाबा.’

‘बाबा असतानासुद्धा ती मला आपणच म्हणायची.’

‘तुम्हाला ना, सगळीकडे तेच दिसतं. त्या बोलल्या, जेवल्या, हसल्या, हे नाही बघितलंत. सर्वनाम तेवढं बघितलंत.’

ते खरेच होते. कॉलेजात मुले त्याला घटकसर म्हणत. पाठीमागे म्हणत, पण पाठीमागे म्हणजे चार पावलांवरून, त्यामुळे ते त्याला पूर्वीपासून माहीत होते. दरवर्षी पहिल्या तासाला तो वर्गात शिरायचा आणि हजेरी न घेता विचारायचा, ‘कथेचे घटक किती?’ मग फळ्यावर एकाखाली एक लिहायचा. पात्रे. स्थळकाळ. कथानक. संघर्ष. निवेदक. आशय. उदाहरण म्हणून कुणाही थोरामोठ्याची कथा न घेता तो आईची लाँड्रीची गोष्ट घ्यायचा. ती सोपी होती, हसवणारी होती आणि वर्गाच्या तासात बसणारी होती. निवेदकाशी आला की त्याचा एक ठरलेला विनोद होता. ऐकणाऱ्याला गोष्टीच्या आत घ्यायचे की दाराबाहेर उभे करायचे, हे आपली भाषा एका शब्दात सांगून टाकते, असे तो म्हणे. ‘शेजारी म्हणाला, आपण सिनेमाला चाललोय, तर चपला घाला. शेजारी म्हणाला, आम्ही सिनेमाला चाललोय, तर जाऊन या म्हणा आणि दार लावा.’ वर्ग हसायचा. इतकी वर्षे त्या हसण्यात तोही सामील होता. दार लावणे म्हणजे काय, हे त्याच्या आत्ता लक्षात आले.

सोमवारी तो वर्गात उभा राहिला आणि सवयीने लाँड्रीची गोष्ट सांगू लागला. स्थळ: एका अरुंद रस्त्यावरची लाँड्री, तिच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर वाफ, साबणाचा वास, मोठाल्या प्रेसचा धप्प धप्प आवाज. त्या वाफेने वरच्या खोल्यांची फरशी थंडीतही कोमट असायची. ‘लोक थंडीत मोजे घालतात, आपण काढून ठेवायचो,’ असे आई सांगे. ‘आणि लाँड्रीच्या डोक्यावर राहून कपडे मात्र हातानेच धुवायचो.’ एका दुपारी आई गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेली. बाबा रात्रपाळी करून आडवे झाले होते. आई खाली आली तर अंथरूण रिकामे आणि दार सताड उघडे. मुलगा नाही. पलंगाखाली नाही, दारामागे नाही. आईने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे झाकण उघडून आत पाहिले. त्या पाहण्याबद्दल ती कधीच फार बोलली नाही, ‘टाकीतही बघितलं’ एवढेच. मग तिने बाबांना उठवले. बाबा बनियनवर, अनवाणी, मोठ्या रस्त्याच्या दिशेने धावले. आई लाँड्रीच्या दारात उभी राहून ‘टिल्लू, ए टिल्लू’ अशा हाका मारत होती. इतक्या हाका मारल्या की पुढे कितीतरी दिवस तिचा आवाज बसला होता. आणि आत लाँड्रीवाले काका एका हॉटेलच्या चादरींची टोपली उचलताना म्हणाले, ‘आज काय हॉटेलात हत्ती उतरले होते की काय? एवढं वजन कसलं?’ टोपलीत, मळक्या चादरींच्या मधोमध, तो गाढ झोपला होता. आईने आधी एक धपाटा घातला आणि मग पापा घेतला. यानंतर गोष्टीचे शेवटचे वाक्य यायचे, आणि ते म्हणताना आईला हसू आवरायचे नाही. ‘जरा उशीर झाला असता ना, तर धुऊन, इस्त्री होऊन, घडी घालून हॉटेलात गेला असतास!’

वर्ग हसला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ‘सर, ही गोष्ट त्या मुलाच्या बाजूनं का नाही सांगत? हरवला तर तो होता.’

‘तो झोपला होता,’ तो म्हणाला. ‘त्याला काही माहीत नाही.’

‘मग त्याला आपण हरवलो होतो हे कसं कळलं?’

‘आईनं सांगितलं म्हणून.’

‘आणि आईनं सांगितलंच नसतं तर?’

मुलीने सहज विचारले होते, परीक्षेला येईल का असे विचारावे तसे. त्याने फळ्याकडे वळून खडू उचलला, निवेदक हा शब्द लिहिला आणि त्याखाली काय लिहायचे ते त्याला सुचेना. तास संपायला अजून बराच अवकाश होता, तरी त्याने वर्ग सोडला. जिन्यात मुले म्हणत होती, ‘घटकसरांना बरं नाही वाटतं.’ खरोखरच त्याला बरे वाटत नव्हते. त्या दुपारचे त्याच्याजवळ स्वतःचे असे काहीच नव्हते. ना वाफ, ना चादरींचा वास, ना तो धपाटा. जे होते ते सगळे आईच्या तोंडून आलेले. ती गोष्ट त्याने इतकी ऐकली होती, की आठवण म्हणून ती बिनबोभाट त्याच्यात येऊन राहिली होती. पण मालकी आईची होती. आई ती गोष्ट विसरली, तर टोपलीतल्या त्या मुलाला ओळखणारे जगात कुणी उरणार नव्हते. बाबा तर केव्हाच गेले होते. बाबांचे गोष्टीतले काम छोटे पण पक्के होते. आई म्हणायची, ‘मंगळवार होता,’ आणि ते पेपरमागून म्हणायचे, ‘अगं, बुधवार.’ प्रत्येक वेळी. ते गेल्यावरही आई ‘मंगळवार होता’ म्हणून जरा थांबायची, बुधवार यायची वाट बघायची आणि मग पुढे जायची. त्या थांबण्यात तो कधी बोलला नाही. ती जागा बाबांची होती.

त्यानंतरचा आठवडा त्याने आईवर पाळत ठेवण्यात घालवला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, पण राहवत नव्हते. आईचे सारे बोलणे तो एका शब्दासाठी चाळून बघत होता, तांदूळ निवडावे तसे. ‘आपण आज काय करायचं जेवायला?’ असे तो मुद्दाम विचारी. आई म्हणे, ‘काहीही चालेल.’ ‘आपण पूर्वी बागेत जायचो ना गं?’ ‘जायचे लोक तेव्हा बागेत.’ लोक! बायको स्वयंपाकघरातून ऐकत असायची. ती एकदा बाहेर येऊन हळूच म्हणाली, ‘परीक्षा नका हो घेऊ त्यांची. नापास झालेलं माणसाला कळतं, प्रश्न विसरला तरी.’ त्याने परीक्षा घेणे बंद केले. म्हणजे मोठ्याने घेणे बंद केले.

आणि एका संध्याकाळी तो कॉलेजातून आला, दारात वाकून बुटाची नाडी सोडू लागला, तर आतून आईचा आवाज आला, ‘आपण...’ नाडी हातात तशीच राहिली. आला, शब्द परत आला, असे त्याला झाले. ‘आपण बसा ना,’ आई म्हणाली. ‘सूनबाई येईलच इतक्यात कामावरून. काही काम होतं का तिच्याकडे?’ खुर्चीत सावरून बसत तिने पदर नीट केला होता, परक्या माणसासमोर करावा तसा. हाही ‘आपण’ भाषेत असतोच. सगळ्यात जास्त मान देणारा आणि सगळ्यात लांब बसवणारा. त्यावर वर्गात तो कधी बोलला नव्हता, कारण आता तसे फारसे कुणी बोलत नाही. तो बसला. एक बूट पायात, एक बाहेर. ‘पाणी घ्या,’ आई म्हणाली. त्याने पाणी घेतले. खरे तर त्याला रडू येत होते, आणि पाहुण्याने रडणे बरे दिसणार नाही म्हणून त्याने ते पाण्याबरोबर गिळले. मग बायको आली, दिवा लावला आणि आई त्याच्याकडे बघून म्हणाली, ‘अरे, तू कधी आलास? आणि एका पायात बूट घालून काय बसलायस ध्यानासारखा?’ तिघेही हसले. त्याचे हसू जरा उशिरा थांबले.

पुढच्या रविवारी बायकोचे दुकान चालू होते. घरात तो आणि आई. दुपारचे जेवण झाले होते, गॅलरीतल्या उन्हाची पट्टी फरशीवरून भिंतीकडे सरकली होती. नखे कापण्याइतकी वाढली नव्हती, तरी त्याने टॉवेल घेतला, तिच्यासमोर बसला आणि तिचा पाय मांडीवर घेतला. तिने तो घेऊ दिला. ‘तुमचा हात हलका आहे,’ ती म्हणाली. थोड्या वेळाने, बाहेर बघत, ती आपणहून सुरू झाली. ‘आम्ही तेव्हा लाँड्रीच्या वर राहायचो.’

‘हो का?’ तो म्हणाला.

ते दोन शब्द तोंडातून निघाले आणि त्याला कळले, की आपण दाराबाहेर जाऊन उभे राहिलो. पण आईचा चेहरा खुलला. किती दिवसांनी तिला ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस भेटला होता! ‘हो ना,’ ती म्हणाली, आणि तिने गोष्ट अशी काही लावून सांगायला घेतली, की ती आजवर आपल्याला उरकून सांगत आली होती की काय असे त्याला वाटले. लाँड्रीवाल्या काकांचे भाजलेले कोपर, जिन्याची एक पायरी निखळलेली आणि ती ओलांडायची सगळ्यांना लागलेली सवय, गच्चीवरच्या दोरीला बांधलेली लाल चिंधी, डोळ्यांवर दोरी येऊ नये म्हणून. हे तो पहिल्यांदा ऐकत होता. ‘मंगळवार होता,’ आई म्हणाली आणि थांबली.

‘बुधवार असेल,’ तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे निरखून पाहिले. ‘आमचे हेही असंच म्हणायचे,’ ती म्हणाली, आणि पुढे गेली. अंथरूण रिकामे. दार उघडे. पलंगाखाली नाही. टाकीत बघितलं. ‘मग ह्यांना उठवलं. ते धावत गेले आणि परत आले. आले ते जिन्यात बसले आणि रडायला लागले. मोठ्यानं. लहान मुलासारखे. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं, आधीही नाही आणि नंतरही नाही.’ तिने आवाज खाली आणला. ‘हे मुलाला कधी सांगितलं नाही हं मी. बाप आपल्यासाठी इतका रडला, हे पोराला कळलं की ते आयुष्यभर मनाला लावून घेतं. आमचा फार मनाला लावून घेणारा आहे. तुम्ही कुठे बोलू नका.’

‘नाही बोलणार,’ तो म्हणाला. पेपरमागून ‘बुधवार’ म्हणणारे बाबा त्याला दिसले, आणि त्या पेपरमागे इतकी वर्षे काय झाकलेले होते तेही. आईच्या पायावर त्याचा हात होता. तो पाय कोमट होता. मुलगा म्हणून आत बसलेल्याला जे मिळाले नव्हते, ते बाहेर उभ्या असलेल्याला तिने सहज देऊन टाकले होते. ही देणगी होती की शिक्षा, हे त्याला कळेना. त्याला वाटले, आता टोपली येईल, हत्ती येतील, धपाटा येईल आणि शेवटचे ते हसू येईल, तेवढे आले की पुरे.

‘मग?’ तो म्हणाला.

‘मग काय? शोधतोय,’ आई म्हणाली.

‘आणि मग?’

‘सापडत नाहीये ना.’ तिचे डोळे गॅलरीतून बाहेर, खालच्या रस्त्यावर काहीतरी हुडकत होते. ‘ऊनही उतरायला लागलं. इतका वेळ झाला. एवढंसं पोर.’

‘सापडला तो,’ तो घाईने म्हणाला. ‘खालीच होता. चादरींच्या टोपलीत झोपला होता.’

‘कुणी सांगितलं?’

‘लाँड्रीवाल्या काकांनी उचलली ना टोपली. जड लागली.’

‘तुम्ही होतात तिथे?’

‘होतो,’ तो म्हणाला.

‘मग घेऊन का नाही आलात त्याला?’

तिने रागाने विचारले नव्हते. तिला खरोखरच समजत नव्हते, की एका मोठ्या माणसाने हरवलेले मूल बघावे आणि तसेच टाकून यावे ते का. त्याने तोंड उघडले. मी आलो आई, मीच तो, हा बघ, असे म्हणायचे होते, आणि आठवडाभर ते ओठांवर घेऊन तो हिंडत होता. पण पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, हातात नेलकटर घेतलेला हा गृहस्थ टिल्लू म्हणून तिच्यासमोर उभा करायचा, म्हणजे तिच्याकडून तिचा लहान मुलगा कायमचा काढून घ्यायचा. ते त्याच्याने होईना. आई तोवर उठली होती. भिंतीचा आधार घेत ती दाराशी गेली, पायाने चपला चाचपल्या आणि त्याच्याकडे वळून हात पुढे केला.

‘चला,’ ती म्हणाली. ‘आपण बघून येऊ.’

त्याने चपला घातल्या.

लिफ्टमधून ते खाली आले. रस्त्यावर रविवारची सुस्ती होती. एक माणूस गाडी धूत होता, समोरच्या दुकानाचे शटर अर्धे खाली होते, कुणाच्या तरी खिडकीत रेडिओ चालू होता. आईने त्याचे मनगट धरले होते. प्रत्येक जिन्याशी ती थांबे, आत डोकावे, उभ्या गाड्यांच्या मागे वाकून बघे. तिच्याबरोबर तोही वाकून बघत होता. नाटक म्हणून नव्हे. त्यालाही खरोखर भीती वाटत होती, की तो मुलगा आता सापडणार नाही. कोपऱ्यावर पोचल्यावर आईने त्याचे मनगट सोडले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली.

‘टिल्लू! ए टिल्लू!’

त्याला या नावाने आता कुणी हाक मारत नव्हते. आवाज मात्र तोच होता, बसायच्या आधीचा. गाडी धुणाऱ्याने वळून पाहिले. तिने पुन्हा हाक मारली, आणि काही कळायच्या आत, लहानपणी खेळ सोडून ओ द्यायचा तशी, त्याच्या तोंडून ओ गेली.

आई जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा असा उजळला, की तो पुढे झाला. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्याच्या वळणाकडे बघत होती.

‘ऐकलंत?’ ती म्हणाली. ‘ओ दिली त्यानं. इथेच आहे कुठेतरी.’ तिने पुन्हा त्याचा हात धरला, आधीपेक्षा घट्ट, आणि त्याला पुढे ओढू लागली. ‘चला, चला लवकर. आपण दोघं मिळून शोधू या.’